पदयात्रेची छायाचित्रे : मर्यादा संख्येला, दर्जाला नव्हे

व्यापारी घरांच्या पेढीवर भिंतीला लावलेल्या तसबिरी पाहिल्या, तर एक विसंगती पुष्कळदा ध्यानात येते. पणजोबांची तसबीर काळी-पांढरी असूनही तिच्यातील फेट्याची घडी न् घडी मोजता येते. तिच्याशेजारी नव्याने लावलेली आजोबांची तसबीर मात्र रंगीत असूनही धूसर आणि कडांना विरलेली दिसते. पणजोबा आयुष्यात एखाद-दोन वेळाच स्टुडिओत बसले. परंतु त्या एका चित्रासाठी छायाचित्रकाराने मोठी निगेटिव्ह खर्ची घातली होती. आजोबांची चित्रे शेकड्यांनी निघाली. पण त्यांच्या पश्चात मोठी तसबीर करण्याची वेळ आली, तेव्हा हाती लागले ते कुणीतरी यात्रेत टिपलेले आणि मोबाइलवरून चार ठिकाणी फिरून आलेले लहानसे चित्र. त्यातील हसू खरे होते; ते मोठे करण्यापुरता ऐवज मात्र त्यात उरला नव्हता.

चातुर्मास संपला, की विहार सुरू होतात, आणि साधुसंतांसमवेत चार पावले चालावीत म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे वाटेला लागतात. काही मंडळी स्वतंत्रपणे तीर्थक्षेत्राची पदयात्रा काढतात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील घरांना अशी एक सुंदर वाट जवळच उपलब्ध आहे. साताऱ्याहून उंब्रजमार्गे कराड, तेथून देवराष्ट्रे व सागरेश्वर, मग कुंडल, पलूस, भिलवडी आणि शेवटी सांगली. ही वाट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. रोज वीस-एकवीस किलोमीटर चालले, तर सहा दिवसांत ती पुरी होते. घरातील तीन पिढ्या सहा दिवस एकत्र चालतात, असा योग वारंवार येत नाही. म्हणूनच त्या दिवसांची चित्रे कोणत्या आकाराची आणि कोणत्या प्रतीची घ्यावीत, याचा निर्णय घरून निघण्यापूर्वी, शांतपणे आणि हिशेबाने घेतलेला बरा.

आकार हे मुद्दल

डिजिटल कॅमेऱ्याच्या यादीत पहिला प्रश्न असतो तो चित्राच्या आकाराचा : मोठा, मध्यम की लहान. प्रवास लांबचा असला, की जागा पुरावी म्हणून मध्यम किंवा लहान आकार निवडण्याकडे कल होतो. काटकसरीच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे योग्यही वाटते. परंतु ही काटकसर खरी आहे का, हे आकड्यांनीच पाहावे.

आजच्या साधारण कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेलचे चित्र मिळते, म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० बिंदू. उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू लागतात असे धरले, तर या चित्राची २० इंच रुंद आणि १३ इंच उंच अशी तसबीर निर्मळ निघते. लांबी-रुंदी निम्मी केली, की ३००० गुणिले २००० बिंदू, म्हणजे केवळ ६ मेगापिक्सेल उरतात आणि तसबीर १० इंचांवर येते. तेच चित्र मोबाइलवरून साध्या पद्धतीने पाठवले, तर त्याची लांब बाजू बहुधा १६०० बिंदूंच्या आसपास येऊन ठेपते. त्यातून पाच इंचांची चांगली प्रत निघते, त्याहून मोठी नाही.

शिवाय पूर्ण चित्र क्वचितच वापरले जाते. पंधरा जणांच्या घोळक्यातून आजींचा एकट्यांचा चेहरा काढायचा असतो. २४ मेगापिक्सेलच्या चित्रातून चौथा हिस्सा कापून घेतला, तरी ६ मेगापिक्सेल हाती राहतात. मूळ चित्रच ६ मेगापिक्सेलचे असेल, तर चौथ्या हिश्शात दीडच उरतो. आकार हे चित्राचे मुद्दल आहे. मोठ्याचे लहान केव्हाही करता येते; पण लहान घेतलेल्या चित्रात न टिपलेले बारकावे मागाहून कोणत्याही यंत्राने खऱ्या अर्थाने भरून निघत नाहीत.

खरी टंचाई कशाची?

आता जागेचा हिशेब. मोठ्या आकाराचे, उत्तम प्रतीचे जेपेग चित्र सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. रोज शंभर चित्रे काढली, तर सहा दिवसांची सहाशे. त्यांना लागते सुमारे ६ गिगाबाइट जागा. ३२ गिगाबाइटच्या एका साध्या कार्डात अशी सुमारे तीन हजार चित्रे मावतात. म्हणजे जागेची टंचाई मुळी नाहीच.

टंचाई असते ती विजेची. मिररलेस पद्धतीच्या कॅमेऱ्याची बॅटरी एका भरणीत बहुधा तीनशे-चारशे चित्रे देते. आरसा असलेले जुने डीएसएलआर कॅमेरे त्याहून बरीच अधिक देतात. पदयात्रेत मुक्काम शाळेत, मंगल कार्यालयात किंवा मंदिराच्या धर्मशाळेत असतो. तेथे विजेचे एखाद-दोन बोर्ड आणि त्यांच्याभोवती वीस मोबाइल, अशी स्थिती ठरलेली. चित्राचा आकार कमी केल्याने बॅटरी उल्लेखनीय वाचत नाही. ती वाचते पडदा कमी वेळ चालू ठेवल्याने, टिपलेले प्रत्येक चित्र लगेच उघडून न पाहिल्याने आणि वाय-फाय, ब्लूटूथ बंद ठेवल्याने. म्हणून निघण्यापूर्वी या तीन गोष्टी कॅमेऱ्यात ठरवून टाकाव्यात आणि एक भरलेली जादा बॅटरी जवळ ठेवावी. पहाटेच्या थंडीत बॅटरीचा जोर मंदावतो. तेव्हा ती अंगालगतच्या खिशात ठेवलेली बरी.

दुसरी टंचाई आहे ती अवधानाची. परत आल्यावर दोन हजार चित्रे कोण पाहणार? दुकानाच्या धबडग्यात ती तशीच पडून राहतात. परिग्रहाचे परिमाण करण्याची शिकवण ज्या घरांत आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. मर्यादा घालायचीच, तर ती संख्येला घालावी, दर्जाला नव्हे. दिवसाला शंभर चित्रे पुष्कळ झाली. साठात भागले, तर अधिक चांगले.

ओली हळद आणि पॉलिशची हळद

आकारानंतर येतो प्रतीचा आणि फाइलच्या प्रकाराचा प्रश्न : जेपेग की रॉ? सांगलीच्या बाजारपेठेशी परिचय असलेल्या वाचकाला हा भेद हळदीवरून चटकन उमगेल. शेतातून निघालेली ओली हळद शिजवावी लागते, वाळवावी लागते, मग ढोलात फिरवून पॉलिश करावी लागते. रॉ फाइल ही ओल्या हळदीसारखी आहे. कॅमेऱ्याने पाहिलेला बहुतेक सारा प्रकाश तिच्यात नोंदलेला असतो. रंग, उजेड, छाया यांचे काय करायचे, ते मागाहून संगणकावर ठरवता येते. पण ती तशीच छपाईला देता येत नाही. जेपेग ही पॉलिश झालेली हळद. ती लगेच वापरता येते. मात्र झालेली प्रक्रिया उलटवता येत नाही.

जेपेगची पद्धत १९९२ साली प्रमाणित झाली. तीत चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडले जातात आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाहीत असे सूक्ष्म तपशील गाळून जागा वाचवली जाते. उत्तम प्रत निवडली, तर गाळलेले तपशील नजरेस येत नाहीत. साधी प्रत निवडली, तर आकाशात, गालांवर आणि अक्षरांच्या कडांना ते चौकोन डोकावू लागतात. एकच चित्र वारंवार उघडून, बदलून, पुन्हा जेपेगमध्ये साठवले, तर प्रत्येक वेळी थोडी झीज होते. म्हणून मूळ फाइल कधीही बदलू नये. बदल करायचा तो तिच्या नकलेत.

मग पदयात्रेसाठी काय निवडावे? रॉ फाइल २५ ते ३० मेगाबाइटची असते. सहाशे चित्रांना १७-१८ गिगाबाइट पुरतात, म्हणजे जागेची अडचण येथेही नाही. अडचण आहे ती शिजवण्याची. संगणकावर बसून एकेक चित्र घडवणारे कुणी घरात असेल, तर सर्व चित्रे रॉमध्ये घेण्यास हरकत नाही. तसे कुणी नसेल, तर मोठा आकार आणि उत्तम प्रतीचे जेपेग हीच शहाणपणाची निवड. जेथे प्रकाश अवघड आहे, तेवढ्याच ठिकाणी रॉ आणि जेपेग दोन्ही एकाच वेळी नोंदवण्याची सोय वापरावी. अशी ठिकाणे या वाटेवर थोडी आहेत, आणि ती आधीच सांगता येतात.

कासची रंगीत तालीम

निवडलेली मांडणी प्रथमच पदयात्रेत वापरून पाहणे म्हणजे अनोळखी वजनकाट्यावर माल तोलणे. त्याआधी एक दिवस तालीम करावी, आणि तिला साताऱ्याजवळच्या कास पठारासारखी जागा नाही. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यांत कासचा समावेश आहे. भाद्रपद-आश्विनात तेथे तेरड्याची गुलाबी, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी आणि गेंदाची पांढरी फुले येतात. कॅमेऱ्याच्या रंगपरीक्षेसाठी हे तिन्ही रंग कठीण.

रंगांच्या यादीत भडक असा पर्याय असतो. तो निवडून तेरड्याचे चित्र घ्यावे आणि मग साध्या, म्हणजे स्टँडर्ड पर्यायावर तेच घ्यावे. भडक चित्रात गुलाबी रंग एवढा साचतो, की पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात. साध्यात त्या दिसतात. नवरात्रातल्या जरीच्या साड्यांचे आणि केशरी ध्वजांचेही असेच होते. तेव्हा पदयात्रेसाठी साधा पर्याय ठेवावा. रंगव्याप्ती निवडायची असेल, तर ती एसआरजीबी ठेवावी. बहुतेक छपाई केंद्रांची यंत्रे तीच धरून चालतात. पठारावर फुले तुडवली जाणार नाहीत याची काळजी घ्यावी आणि आखून दिलेली वाट सोडू नये, हे अर्थातच.

वाटेवरच्या चार जागा

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे कृष्णा पूर्वेकडे वळते. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुके असते आणि प्रवाहाच्या दिशेने पाहिले, की सूर्य समोर येतो. व्हाइट बॅलन्स स्वयंचलित असेल, तर कॅमेरा त्या प्रकाशातील सोनेरी छटा दोष समजून काढून टाकण्याचा प्रयत्न करतो. तो सूर्यप्रकाशाच्या चिन्हावर स्थिर ठेवला, तर पहाट पहाटेसारखी दिसते, आणि एका पाठोपाठ घेतलेल्या चित्रांचे रंगही एकमेकांशी जुळतात. चेहरे सूर्याला पाठमोरे असतील, तर ते काळवंडतात. तेथे उजेडाची भरपाई एका पायरीने वाढवावी.

कराड सोडल्यावर शिवारातून, उसाच्या फडांच्या कडेने वाट जाते. पांढरी वस्त्रे परिधान केलेल्या यात्रेकरूंचे चित्र घेताना येथे फसगत होते. कॅमेरा सर्व काही मध्यम करड्या उजेडाचे असावे असे मानून चालतो. पांढऱ्या वस्त्रांच्या रांगेने चौकट भरली, तर तो ती करडी करतो. तेव्हा भरपाई अधिक बाजूला दोन तृतीयांश द्यावी. उलट, गर्द उसाच्या पार्श्वभूमीवर एकच पांढरी आकृती चालत असेल, तर तो उजेड वाढवतो आणि वस्त्राच्या घड्या पांढऱ्याफेक होऊन जातात. तेथे भरपाई उणे बाजूला दोन तृतीयांश हवी. पांढराफेक झालेला भाग जेपेगमध्ये परत येत नाही. असा भाग पडद्यावर लुकलुकून दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती चालू ठेवावी. चालत्या माणसांसाठी शटरचा वेग सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहून संथ नसावा, आणि आयएसओ स्वयंचलित ठेवून त्याची कमाल मर्यादा ३२०० करावी.

देवराष्ट्रे हे यशवंतरावांचे १९१३ सालचे जन्मगाव. त्याच्याजवळ सागरेश्वरची जुनी दगडी मंदिरे आणि अभयारण्य आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. उघड्याबोडक्या डोंगरांवर माणसांनी श्रमाने झाडी उभी केली, ही त्याची ख्याती. येथे सांबर, चितळ, काळवीट आहेत. पण ते दूर दिसतात आणि चौकटीत लहान येतात. मोठ्या आकाराचा येथे खरा उपयोग, कारण नको असलेला भाग कापूनही चित्र टिकते. काळ्या दगडाच्या मंदिरांना कॅमेरा फिकट करतो. भरपाई थोडी उणे करावी.

कुंडलला कलिकुंड पार्श्वनाथांचे मंदिर आहे आणि डोंगरात झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही स्थाने आहेत. बाहेर लख्ख ऊन आणि गुहेत गडद छाया, हा दोन टोकांचा प्रकाश जेपेगला पेलत नाही. येथे रॉ चालू करावी. छायाचित्र घेण्यास परवानगी आहे का, हे आधी विचारावे. परवानगी मिळाली, तरी फ्लॅश वापरू नये. त्याने दर्शनाला बसलेल्यांचे चित्त विचलित होते आणि दगडाचा उठावही नाहीसा होतो. कॅमेरा भिंतीला किंवा खांबाला टेकवून, श्वास रोखून, दोन सेकंदांच्या टायमरवर चित्र घ्यावे. आणि दर्शन आधी घ्यावे, चित्र नंतर.

कुठेही असो, चालता चालता पडद्याकडे पाहू नये. पावलापुढची जमीन पाहत चालण्याचा जो नियम साधुजन पाळतात, तो कॅमेरा हाती असलेल्या श्रावकाने विशेष पाळावा. थांबावे, चित्र घ्यावे, कॅमेरा बंद करावा, मग पाऊल उचलावे.

मोबाइल असेल तर

पुष्कळ घरांत वेगळा कॅमेरा नसतो आणि त्यावाचून काही अडतही नाही. ४८ किंवा ५० मेगापिक्सेल लिहिलेले मोबाइल सहसा चार बिंदूंचा एक करून १२ मेगापिक्सेलचे चित्र देतात. त्यातून १३ इंचांची तसबीर चांगली निघते, तेव्हा ती मांडणी तशीच ठेवावी. चौकट चारास तीन या प्रमाणात असावी. सोळास नऊ निवडले, तर वरचा-खालचा भाग फुकट जातो. बोटांनी चित्र मोठे करण्याऐवजी चार पावले पुढे जावे. काही मोबाइल एचईआयसी नावाच्या प्रकारात चित्रे साठवतात आणि ती प्रत्येक छपाई केंद्रात उघडतात असे नाही. तेथे जेपेगचा पर्याय निवडावा. चित्र दुसऱ्याला पाठवायचे, तर ते दस्तऐवज म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ आकार टिकतो.

खतावणी

निघण्यापूर्वी सर्व कॅमेऱ्यांची तारीख आणि वेळ एकमेकांशी जुळवून घ्यावी. तिघांनी घेतलेली चित्रे मागाहून एकत्र केली, की वेळ चुकीची असल्यास कुंडलचे चित्र कराडच्या आधी येते आणि सारी खतावणी विस्कटते. फाइलचे क्रमांक सलग चालू राहतील अशी मांडणी ठेवावी. दर कार्डाला नव्याने क्रमांक सुरू झाले, तर एकाच नावाची दोन चित्रे तयार होतात आणि उतरवून घेताना एक पुसले जाण्याचा धोका राहतो. एका मोठ्या कार्डाऐवजी ३२ गिगाबाइटची दोन कार्डे न्यावीत. वाटेत काहीही पुसू नये. घरी आल्यावर चित्रे दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून, ती उघडतात याची खात्री झाल्याखेरीज कार्ड कोरे करू नये.

सांगलीला १९२९ सालचा आयर्विन पूल दिसू लागला, की यात्रा संपत आल्याची जाणीव होते. घरी परतल्यावर आठवडाभरात सर्वांनी मिळून साठ चित्रे निवडावीत, ती छापून घ्यावीत आणि प्रत्येकाच्या मागे नावे, गाव आणि तारीख लिहावी. चेहरे ओळखणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होते.

आणि एक चित्र मात्र वाटेवर सोडू नये. पहिल्या दिवशी साताऱ्याहून निघण्यापूर्वी, चालणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला सकाळच्या उजेडात, झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत क्षणभर उभे करावे. पूर्ण आकार, उत्तम प्रत, फ्लॅश बंद, डोळ्यांवर नेम. दोन चित्रे पुरेत. या कामाला दोन मिनिटे लागतात. आणि पुढे कधी पेढीवर तसबीर लावण्याची वेळ येईल, तेव्हा घरच्यांना मोबाइलमध्ये शोधाशोध करावी लागणार नाही.